मराठी रंगभूमीवरील ऑर्गन

ऑर्गन म्हटला की नामपूर परिसरातील आमच्या वाचकांना चर्चमधील उपासना आठवावी, हे स्वाभाविक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात नळ्यांच्या ऑर्गनचा आवर्जून गौरव केला. तथापि महाराष्ट्रात याच नावाचे वाद्य नाट्यगृहातही नांदले.

पाश्चात्त्य देशांत मूकपटांच्या काळी चित्रपटगृहांतून नळ्यांचे अवाढव्य ऑर्गन बसविले जात. रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रज कारागिराच्या कल्पना अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने १९१० पासून प्रचारात आणल्या. एकटा वादक सबंध वाद्यवृंदाचे काम करी. १९२७ साली बोलपट अवतरला आणि काही वर्षांतच हे वैभव ओसरले.

आपल्या रंगभूमीवरील ऑर्गनला नळ्या नाहीत. त्यात धातूच्या पातळ पट्ट्या कंप पावतात. भाता पायांनी चालतो, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांसाठी मोकळे राहतात. हार्मोनियममध्ये हवा सुरांवर ढकलली जाते, तर अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. त्यामुळे नाद अधिक मऊ व भरीव वाटतो. गुडघ्याने एक पट्टी दाबून आवाज लहानमोठा करता येतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात गायकनटाला याहून चांगला आधार कोणता मिळणार?

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) बहरलेल्या संगीत नाटकात ऑर्गनला प्रतिष्ठा लाभली ती बालगंधर्वांमुळे. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या साथीदारांत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी नामांकित मंडळी होती. ही जोडणी आम्हांस विशेष वाटते. ऑर्गनचे स्वर ठाम, पण त्यातून मींड निघत नाही. ती उणीव सारंगी भरून काढी. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्येही बालगंधर्व व मास्टर दीनानाथ यांची नाटके झाली.

बोलपटाचा तडाखा इकडेही बसला. ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत झळकला, पुढल्या वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, आणि नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक आटला. स्वतः बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) भूमिका केली. मात्र पाश्चात्त्य ऑर्गन पडद्याला बांधलेला होता, आपला गायकाला. त्यामुळे मंडळ्या मोडल्या तरी नाट्यपदांच्या मैफलींतून तो टिकला.

अडचण आहे ती वाद्याचीच. एस्टेसारखा मातबर अमेरिकन कारखाना १९६०च्या सुमारास बंद पडला. जुन्या ऑर्गनचा भाता फाटला की तो नव्याने बांधावा लागतो, गंजलेले सूर एकेक काढून घासावे लागतात. हे काम जाणणारे हात थोडे. विजेवरचा कीबोर्ड खांद्यावर टाकून नेता येतो, हे खरे; पण पायांच्या दाबासरशी स्वर फुलतो आणि मावळतो, ते त्याला अजून साधलेले नाही असे आमचे मत आहे. चर्चच्या माळ्यावर अथवा एखाद्या जुन्या घरी असा ऑर्गन धूळ खात पडला असेल, तर तो भंगारात काढण्यापूर्वी जाणकाराला अवश्य दाखवावा.