टॉर्पेडोवाल्याचं घर

‘द साउंड ऑफ म्युझिक’मधल्या त्या सात मुलांची खरी आई कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. ती अगाथा व्हाइटहेड, टॉर्पेडो घडवणाऱ्या रॉबर्ट व्हाइटहेडची नात. 1922मध्ये ती वारली आणि पुढे त्या मुलांच्या घरी शिकवायला मारिया आली ती साल्झबर्गच्या बेनेडिक्टाइन मठातून. इकडे इंग्लंडात, ससेक्समधलं आजोबांचं पूर्वीचं घर पॅडॉकहर्स्ट 1933मध्ये घेतलं तेही बेनेडिक्टाइन साधूंनीच! आजची वर्थ स्कूल तिथलीच. हा धागा सापडल्यापासून या घराची कुळकथा मला टॉर्पेडोपासूनच सांगावीशी वाटते.

घर व्हाइटहेडच्या आधीचं, जॉर्ज मॉन्टेफियोरेसाठी अँथनी साल्विनने 1870च्या सुमारास बांधलेलं. ते एवढ्यावर सोडू.

टॉर्पेडो नक्की कुणाचा, हा वाद मात्र जुना आहे. फियुमे, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं रियेका, इथल्या लुपिस नावाच्या नौदल अधिकाऱ्याला किनाऱ्यावरून दोऱ्यांनी वळवता येईल अशी स्फोटक होडी हवी होती. व्हाइटहेडने दोऱ्याच काढून टाकल्या. यंत्र पाण्याखाली नेलं, दाबलेल्या हवेवर पळवलं आणि ते ठरल्या खोलीवर राहावं म्हणून पाण्याचा दाब जोखणारी झडप आणि लंबक यांची जोडी बसवली. लुपिसला कल्पनेचं श्रेय जरूर द्यावं, पण टॉर्पेडो झाला तो या जोडीमुळे. ब्रिटिश नौदलाने 1871मध्ये 15,000 पौंड मोजले ते व्हाइटहेडला.

मग समुद्रावरच्या या माणसाने रानातलं घर का घेतलं? लंडन आणि तिथलं नौदल खातं रेल्वेने जवळ पडतं, असं कुणी म्हणेल. मला ते पुरेसं वाटत नाही. युरोपातल्या खानदानांत त्याची सोयरीक झालेली होती. एक मुलगी होयोस घराण्यात गेली, तिची लेक पुढे बिस्मार्कची सून झाली. मायदेशी मात्र कारखानदाराला मान हवा तर जमीनजुमला लागे. पुढचा मालक वीटमन पिअर्सनही माझ्याच बाजूने साक्ष देतो. बोगदे खणणाऱ्या या कंत्राटदाराने पॅडॉकहर्स्ट घेतलं 1894मध्ये, आणि त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला तोही त्याच वर्षी. भोजनगृहाच्या भिंतीवर वॉल्टर क्रेनकडून त्याने प्रवाससाधनांच्या इतिहासाची शिल्पपट्टी करून घेतली. पाहुण्यांसमोर मांडलेली ही इंजिनिअरची वंशावळच.

पिअर्सन, म्हणजे तोवर लॉर्ड काउड्रे, 1927मध्ये गेला, पत्नी 1932मध्ये. पुढच्याच वर्षी डाउनसाइड मठाच्या त्या बेनेडिक्टाइन साधूंनी घर घेतलं. आधी लहान मुलांची शाळा निघाली, 1959पासून मोठ्यांचीही.