पेशींनी टाकलेली 'धूळ'
केसांसाठी 'एक्सोसोम' घेऊ का, असं हल्ली तुम्ही विचारता. आधी थोडा इतिहास सांगतो.

१९४६ मध्ये चारगाफ आणि वेस्ट रक्त गोठण्याचा अभ्यास करत होते. प्लाझ्मा यंत्रात अतिवेगाने फिरवून त्यातले सूक्ष्म कण काढले, तर तो उशिरा गोठू लागला. १९६७ मध्ये पीटर वूल्फ यांनी हे कण प्लेटलेटमधून सुटतात असं दाखवलं आणि त्यांना 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं. धूळ! १९८३ मध्ये माँट्रियलच्या रोझ जॉनस्टोन यांना मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशी नकोशी प्रथिनं अशाच पिशव्यांतून बाहेर टाकताना दिसल्या. 'एक्सोसोम' हे नाव रूढ झालं ते त्यांच्यामुळे. तेव्हाही हा कचराच वाटला. पुढे १९९६ मध्ये या पिशव्या प्रतिकारपेशींना जागं करतात, आणि २००७ मध्ये त्या एका पेशीचा आरएनए दुसरीपर्यंत नेतात, हे कळलं.

अडचण अशी, की एकच पेशी अनेक प्रकारच्या पिशव्या सोडते. काही ३० नॅनोमीटरच्या, काही हजारच्या. आकार सारखा असला तरी आतला माल वेगळा. त्या नीट निवडणं प्रयोगशाळेतही कठीण जातं. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये इशारा दिला, तेव्हा तिथे एकही एक्सोसोम उत्पादन मंजूर नव्हतं. म्हणून इंजेक्शन सुचवणाऱ्याला विचारा: पिशव्या कुठल्या पेशींच्या, आणि बाटलीत आणखी काय आहे? मी तरी सध्या 'नको' म्हणतो.