रहाणेने चेंडू कुणाच्या हातात दिला?

टार्निटहून गाडीने सदर्न क्रॉस आणि तिथून एमसीजी, हा प्रवास तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. आजची गोष्ट त्याच मैदानावर सुरू होते. मेलबर्नमधलं अजिंक्य रहाणेचं शतक सगळ्यांना आठवतं. पण ती मालिका फिरली ती चेंडू कुणाला आणि कधी द्यायचा, या निर्णयांमुळे.

19 डिसेंबर 2020. अॅडलेडला भारताचा डाव 36 धावांत संपला. पहिल्या बाळाच्या जन्मासाठी विराट कोहली मायदेशी परतला. मोहम्मद शमीचा हात मोडला होता. 36 धावांनंतर कुणीही म्हणालं असतं, फलंदाज वाढवा. पण कोहलीच्या जागी आला रवींद्र जडेजा, म्हणजे पाचवा गोलंदाज. निर्णय एकट्या रहाणेचा नव्हता, प्रशिक्षक रवी शास्त्रीही सोबत होते. हिशेब साधा होता: कसोटी जिंकायची तर 20 बळी घ्यावेच लागतात.

26 डिसेंबरला ऑस्ट्रेलियाने आधी फलंदाजी घेतली. पहिल्या सकाळी खेळपट्टीत ओलावा असताना फिरकी सहसा थांबते. डोंबिवलीत वाढलेल्या या कर्णधाराने मात्र पहिल्या तासातच अश्विनला आणलं. मॅथ्यू वेड गेला आणि पाठोपाठ स्टीव्ह स्मिथ शून्यावर, लेग गलीत पुजाराच्या हातात. 3 बाद 38! पदार्पण करणाऱ्या मोहम्मद सिराजला जेवणाच्या सुट्टीपर्यंत चेंडूच मिळाला नाही. मिळाला तेव्हा त्याने लाबुशेन आणि ग्रीन यांना बाद केलं. ऑस्ट्रेलिया सर्वबाद 195.

दुसऱ्या डावात नागपूरचा उमेश यादव चौथ्याच षटकात जायबंदी झाला. आता कळलं पाचवा गोलंदाज कशासाठी होता. सिराजने 3, जडेजाने 2 बळी घेतले आणि भारत 8 गडी राखून जिंकला.

सिडनीची कसोटी अनिर्णित राहिली. ब्रिस्बेनपर्यंत बुमराह, अश्विन, जडेजा, तिघेही दुखापतींमुळे बाहेर. उरलेल्या पाच गोलंदाजांकडे मिळून आधीचे फक्त 4 कसोटी सामने आणि 11 बळी होते. त्यातही सैनी पहिल्याच दिवशी जखमी झाला. तरी ऑस्ट्रेलियाचे 20 बळी पडले. दुसऱ्या डावात सिराजने 5 आणि पालघरच्या शार्दूल ठाकूरने 4 घेतले. 19 जानेवारी 2021 रोजी, अॅडलेडच्या त्या दिवसानंतर बरोबर एका महिन्याने, भारताने 328 धावांचं लक्ष्य गाठलं आणि मालिका 2-1 ने जिंकली. गाबावर ऑस्ट्रेलिया 1988 नंतर प्रथमच हरली होती.

चषक मिळाल्यावर रहाणेने तो नटराजनच्या हाती दिला. नेट गोलंदाज म्हणून दौऱ्यावर थांबलेला हा मुलगा ब्रिस्बेनला पहिलीच कसोटी खेळला होता.

मंडळी, शनिवारी सकाळी मुलांना क्रिकेटला नेता, तेव्हा घरी येताना आपला पहिला प्रश्न असतो, 'किती धावा केल्यास?' या शनिवारी दुसरा विचारून बघा: 'कॅप्टनने तुला चेंडू कधी दिला, आणि तेव्हाच का दिला असेल?' गाडी घरी पोचेपर्यंत गप्पा पुरतील.