झाकणाच्या आतली बाग

सोलापूरच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावात ‘पाणी न घालता झाड जगतं’ असं कोणी म्हटलं, तर आपण हसू. पण 1829 साली लंडनमध्ये नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या डॉक्टरांनी हेच पाहिलं. पतंगाचा कोश त्यांनी ओल्या मातीत, झाकणाच्या बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. दिवसा ओल वाफ होऊन काचेवर जमायची आणि थेंबांनी परत मातीत उतरायची. जवळजवळ 4 वर्षं ही झाडं जगली. मेली कधी? झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं तेव्हा!

मग वॉर्ड यांनी काचेच्या पेट्या केल्या. 1833 मध्ये त्या झाडांसकट सिडनीकडे निघाल्या आणि सुखरूप पोचल्या. एरवी जहाजावर खाऱ्या वाऱ्यानं रोपं मरायची. पुढे अशाच पेट्यांतून चीनचा चहा हिमालयाच्या पायथ्याशी आला, आणि कोयनेलचा सिंकोना निलगिरीत आणण्यासाठीही याच पेट्या वापरल्या गेल्या. ज्यांच्या भूमीतून ही रोपं उचलली, त्यांची मक्तेदारी मात्र गेली. तेव्हा ही नुसती बागकामाची गोष्ट नाही, बरं का.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न: ‘बंद’ म्हणजे काय? बरणीत प्रकाश येतो, उष्णता बाहेर जाते. बंद असतं ते फक्त द्रव्य. 1991 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात 8 माणसं अशाच एका प्रचंड काचघरात राहायला गेली. मातीतल्या सूक्ष्मजीवांनी प्राणवायू खाल्ला, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटनं शोषला. प्राणवायू 21 टक्क्यांवरून सुमारे 14.5 पर्यंत उतरला. शेवटी तो बाहेरून सोडावा लागला.

घरी करायचं तर सोपं आहे. तळाशी खडे, त्यावर थोडा कोळसा, मग ओलसर माती, नेचा, शेवाळ. पाणी बेतानं घाला. काच दिवसभर धुरकट राहिली, तर झाकण थोडा वेळ उघडा. उजेड हवा, पण आपलं ऊन थेट नको. आत अक्षरशः शिजेल.

आपला सिद्धेश्वर तलाव उघडा आहे. त्याची वाफ कुठे जाऊन पडेल, सांगता येत नाही. पण पृथ्वीबाहेर ती सहसा जात नाही. म्हणजे आपणही बरणीतच आहोत. फरक इतकाच, की आपल्या बरणीचं झाकण उघडून बाहेरून कोणी काही सोडणार नाही.