चार वाद्ये, एक खोली

आकाशवाणीचे केंद्र सुरू होताना वाजणारी संकेतधून महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांच्या कानात बसलेली आहे. खाली तंबोरा, वर व्हायोलिन. ही धून १९३६ साली वॉल्टर कॉफमन यांनी बांधली आणि तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहता यांचे, असे मानले जाते. ज्या दोन माणसांनी मुंबईत चेंबर म्यूझिक उभे केले, त्यांचे सूर आपण वर्षानुवर्षे सकाळच्या चहाबरोबर ऐकत आलो. त्यांची ओळख मात्र फारशी कुणी करून दिली नाही. ती व्हावी, आणि आज त्याच वाटेने निघालेल्या तरुण वादकांना जाणता मराठी श्रोता मिळावा, म्हणून हे पुस्तक.

चेंबर म्यूझिक म्हणजे एका दालनात मावेल एवढ्याच वादकांचे संगीत. प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि समोर काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टर नाही. त्यातला सर्वांत कसोटीचा प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. याचा जन्म कुठल्या सिद्धान्तातून झालेला नाही. १७५०च्या दशकात ऑस्ट्रियात वाइनत्सिर्ल इथे बॅरन फ्युर्नबेर्ग यांच्या वाड्यावर वाजवणारी चार माणसे हाताशी होती: तिथले पाद्री, वाड्याचे कारभारी, विशीतला योझेफ हायडन आणि चेलोवर आल्ब्रेख्ट्सबेर्गर. त्या चौघांना वाजवता यावे म्हणून हायडनने रचना केल्या, आणि पुढे आयुष्यभर करत राहिला. मोझार्टने १७८५ साली आपली सहा क्वार्टेट्स त्यालाच अर्पण केली. बेथोव्हेनने सोळा लिहिली. त्यांतली शेवटची त्याने कानांनी काहीच ऐकू येत नसताना लिहिली. त्याच्याच काळात व्हिएन्नात शुपान्त्सिग या व्हायोलिनवादकाने तिकीट लावून क्वार्टेटचे जाहीर कार्यक्रम सुरू केले आणि हे घरगुती वादन व्यवसायी झाले.

ही प्रस्तावना शनिवार पेठेत बसून लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय याच पेठेतले. अहिल्यादेवी शाळेजवळचा सुदर्शन रंगमंचही इथलाच. तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कलाकाराचा श्वास ऐकू येतो. इथल्या श्रोत्याचा कान बैठकीत तयार झालेला आहे. गवयाने एखादी जागा कशी घेतली, तबलजीने ती कशी उचलली, हार्मोनियमवाला कुठे थांबला, हे त्याला सांगावे लागत नाही. चेंबर म्यूझिकला नेमका हाच कान लागतो. पुणेकराला हे संगीत परके वाटेल असे जे गृहीत धरले जाते, ते मला मुळातच चुकीचे वाटते.

फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. बैठकीत एक मुख्य कलाकार आणि बाकीचे साथीला. क्वार्टेटमध्ये साथीदार हे पद कायमचे कुणाकडेच नाही. आता जो धून वाजवतो आहे, तोच चार मात्रांनंतर दुसऱ्याच्या धुनीखाली एकच स्वर धरून बसतो. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी व्हायोलिनला गळ्यासारखे गायला लावले. एकट्याने रागाचा सगळा भार उचलायला शिकवले. क्वार्टेटचा वादक तो भार वाटून घ्यायला शिकतो. शिस्त वेगळी आहे, पण कमी कठीण नाही.

कॉफमन १९३४ साली मुंबईत उतरले ते हिटलरच्या सावलीतून बाहेर पडलेले ज्यू संगीतकार म्हणून. जन्म बोहेमियातल्या कार्ल्सबादचा, शिक्षण बर्लिन आणि प्रागचे. आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्यूझिक सोसायटी काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी कार्यक्रम होई; पियानोवर कॉफमन, व्हायोलिनवर मेहता, चेलोवर एदिजिओ वेर्गा हे इटालियन वादक. मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘दर गुरुवार’. एखादा भव्य महोत्सव भरवून हे संगीत रुजत नाही. तीच माणसे ठरल्या वारी त्याच जागी पुन्हा पुन्हा बसली, की रुजते. कॉफमन यांनी इथल्या रागांचा अभ्यासही मन लावून केला. मुंबईतल्या वास्तव्यात त्यांनी लिहिलेल्या चेंबर रचनांमध्ये तो उतरलेला दिसतो, आणि पुढे १९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. क्वार्टेटच्या तालमी घरीच चालत. त्यांचे चिरंजीव, कंडक्टर झुबिन मेहता यांच्या कानावर लहानपणी पडलेले संगीत हे असे, पलीकडच्या खोलीतून आलेले. मेहलींचे स्वतःचे शिक्षण बरेचसे आपले आपणच झालेले होते, आणि ते त्यांना पुरेसे वाटत नव्हते. १९४५ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, कुटुंब मुंबईत ठेवून ते न्यूयॉर्कला इव्हान गालामियान यांच्याकडे शिकायला गेले. मग मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा, आणि १९५९पासून फिलाडेल्फियाचे कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेट. पन्नाशी ओलांडलेला माणूस पुन्हा चौघांतला एक होऊन बसतो, हे मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा मोठे वाटते. १९६४ साली लॉस एंजलिसला गेल्यावर त्यांनी तरुणांचा ऑर्केस्ट्रा काढला आणि तीन दशकांहून अधिक काळ चालवला.

दुसरी वाट गोव्याची. तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्त्री मुलांना आधी स्वरलिपी वाचून गायला शिकवीत, मग हातात व्हायोलिन देत. त्यामुळे लिहिलेले संगीत समोर येताच वाजवणारे वादक गावागावांत तयार झाले, आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वाद्यवृंद त्यांनी भरून काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गोन्साल्विसांचे नाव आले ते शिष्याच्या त्या ऋणातून. १९५८ साली गोन्साल्विसांनी भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना रंगमंचावर आणल्या. स्टुडिओतल्या या मंडळींकडे क्वार्टेटला लागणारे सगळे कसब होते. पोटाच्या धावपळीत चौघांनी एकत्र बसण्याची सवड तेवढी नव्हती.

आज निघणाऱ्या तरुणांची परिस्थिती थोडी बरी आहे. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला आणि २०१२पासून त्याची अकादमी लहान मुलांना शिकवते. पणजीत २००९ साली सुरू झालेले चाइल्ड्स प्ले हे प्रतिष्ठान परिस्थितीने गांजलेल्या मुलांच्या हाती ही वाद्ये देते. पुण्यात कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम होत आले आहेत. पण क्वार्टेट जमवायचे म्हटले की अडचण कळते. व्हायोलिन शिकणारे पुष्कळ, व्हायोला आणि चेलो शिकवणारे मोजके. बहुतेकदा कुणीतरी व्हायोलिन बाजूला ठेवून व्हायोला उचलतो, आणि मधल्या सुरांत राहण्यातली गोडी त्याला हळूहळू लागते. पावसाळ्यात खुंट्या फुगतात, लाकडाचे सांधे सुटतात, आणि दुरुस्ती जाणणारा कारागीर शोधावा लागतो.

या सगळ्यापेक्षा अवघड आहे ते चौघांचे सूर जुळणे. मोकळ्या तारा पंचमाच्या अंतराने लावलेल्या असतात, पण नुसते शुद्ध पंचम चढवत गेले की गंधार तीव्र लागतो आणि चौघांचा मेळ खरखरतो. मग तो गंधार किती खाली घ्यायचा, हे प्रत्येक जागी ऐकून ठरवावे लागते. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ज्याने ऐकला आहे, त्याला या तालमीत काय चालले आहे ते लगेच कळेल. गज कुठे उचलायचा, श्वास कुणाच्या खुणेने घ्यायचा, यावरही तास जातात. चार स्वभाव एका खोलीत वर्षानुवर्षे टिकणे हीच या क्षेत्रातली खरी साधना, आणि तरुण क्वार्टेट्स मोडतात तीही बहुधा इथेच. म्हणून या पुस्तकात रचनांइतकीच जागा तालमीला दिली आहे.

नव्या वाचकाने पाने उलटण्याआधी हायडनच्या ७६व्या ओपसमधले तिसरे क्वार्टेट मिळवावे आणि त्याचा दुसरा भाग ऐकावा. १७९७च्या सुमाराचा हा भाग. त्याची धून आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची आहे. हायडन ती धून आधी पहिल्या व्हायोलिनला देतो, मग दुसऱ्याला, मग चेलोला, मग व्हायोलाला, आणि शेवटी पुन्हा पहिल्याकडे आणतो. धून जवळजवळ जशीच्या तशी राहते, बदलत जाते ते तिच्याभोवतीचे. एकल तबलावादनात लेहरा स्थिर राहतो आणि तबला फुलत जातो, तसा कान लावावा. पहिल्या खेपेला धुनीच्या मागे जावे. दुसऱ्या खेपेला ती ज्याच्याकडे नाही त्या तिघांकडे लक्ष द्यावे, आणि मग पहिले प्रकरण उघडावे.

शनिवार पेठ, पुणे