अनंत

अनंत : (गंधराज; लॅ. गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस, कुल – रुबिएसी). सुगंधी पांढऱ्या फुलांसाठी महाराष्ट्रात अंगणात व कुंडीत लावले जाणारे सदाहरित झुडूप. मूळस्थान दक्षिण चीन, तैवान, जपान व लगतचा आग्नेय आशिया. कॉफी याच कुलातली; डिकेमाली हा डिंक देणारी आपल्याकडील रानझाडे याच प्रजातीतली. जॉन एलिस यांनी १७६१ मध्ये डॉ. अलेक्झांडर गार्डन यांच्या सन्मानार्थ प्रजातीचे नाव ठेवले.

झुडूप सुमारे १ ते २.५ मी. उंच, पाने गर्द हिरवी व चकचकीत. फुले उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या आरंभी येतात. उमलताना शुभ्र, पुढे पिवळसर होतात. ती देवाला वाहतात, केसांत माळतात. बागेत बहुधा दुहेरी फुलांचा प्रकार असतो. एकेरी प्रकाराच्या फळातील क्रोसीन हे केशरातही आढळणारे रंगद्रव्य चीन-जपानमध्ये खाद्यपदार्थांना पिवळा रंग देते.

लागवड : अनंताला आम्ल माती (सामू ५ ते ६.५) मानवते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात बेसाल्टपासून बनलेली काळी माती बऱ्याच ठिकाणी चुनखडीची व अल्कधर्मी आहे. गृहसंकुलाच्या भरावात सिमेंटचा राडारोडा असला तर सामू आणखी चढतो. बोअरच्या जड पाण्यानेही तेच होते. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. म्हणून या भागात अनंत जमिनीपेक्षा मोठ्या कुंडीत चांगला जोपासता येतो. तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा, शेणखत व कोकोपीट यांचे निचरा होणारे मिश्रण भरावे. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम, एरवी नळाचे द्यावे. सकाळचे ऊन व दुपारची सावली हवी. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत कुंडी सुकली की कळ्या गळतात. छाटणी बहर संपताच करावी. पावसाळ्यात अर्धपक्व फांद्यांची छाटकलमे रुजतात.

रोग व कीड : पिठ्या ढेकूण व पांढरी माशी यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते, निंबोळी अर्क फवारावा. पाने पिवळी पडताच युरिया घालू नये, आधी पान नीट पाहावे. जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी असते. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नसते; तेव्हा चिलेटेड लोह द्यावे व मातीचा सामू उतरवावा. ही खूण ओळखता आली, तर अनेक झाडे वाचतात.