सीतेची वेणी : परसबागेतील देशी ऑर्किड

सीतेची वेणी (रिंकोस्टायलिस रेटुसा) हे कोकण व सह्याद्रीत झाडांच्या फांद्यांवर वाढणारे ऑर्किड आहे. मे-जूनमध्ये त्याला गुलाबी ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचे लोंबते घोस येतात.

बांडगूळ समजून काढू नका
बांडगुळाची मुळे फांदीत शिरून रस शोषतात. जोडावर गाठ दिसते. ऑर्किडची जाड, पांढरट मुळे सालीला फक्त चिकटतात, झाडातून अन्न घेत नाहीत. बागेची साफसफाई करताना ही खूण आधी पाहा.

लागवड
जंगलातून रोपे ओरबाडू नका. वाऱ्या-पावसात पडलेल्या फांदीवरील रोपे वापरा. जूनमध्ये, नवी मुळे फुटताना, रोप आंबा किंवा फणसाच्या खडबडीत सालीवर काथ्याच्या दोरीने बांधा. पेरूची साल सुटते, म्हणून तो टाळा. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी बाजू निवडा. मुळांवर माती किंवा शेणखत घालू नका. हवा न मिळाल्यास मुळे कुजतात.

निगा
- उन्हाळ्यात रोज सकाळी मुळांवर पाणी फवारा. हिवाळ्यात मुळे सुकल्यावरच द्या. पावसाळ्यात पाणी देण्याची गरज नसते.
- वाढीच्या काळात दर १५ दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारा.
- गोगलगायी कोवळी मुळे खातात. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचा.

मुळे सालीला घट्ट धरल्यावर दोरी सोडा. त्यानंतर रोप वारंवार हलवू नका.